पूर येण्यापूर्वी गोठ्याचा विचार

पावसाळा तोंडावर आला की गावोगावी पूर्वतयारीच्या बैठका होतात. होड्यांची डागडुजी होते, पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या याद्या तयार होतात, निवाऱ्यासाठी शाळा व मंगल कार्यालये निश्चित केली जातात. या सर्व तयारीत एका घटकाचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो, आणि पुष्कळदा होतही नाही. तो घटक म्हणजे दावणीला बांधलेले जनावर, अंगणातले कुत्रे, चुलीशी निजणारे मांजर आणि खुराड्यातल्या कोंबड्या. संकटाची चाहूल लागली तरी दावे सोडून निघून जाणे या मुक्या जिवांच्या हाती नसते. त्यांचे दावे माणसाच्या हाती असते, म्हणून त्यांची जबाबदारीही माणसाचीच ठरते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमानेही प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्याच्या क्षेमाची काळजी घेण्याचे कर्तव्य सोपविले आहे.

हा प्रश्न केवळ भूतदयेचा आहे असे कोणी समजू नये. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रातील पशुधन सुमारे ३ कोटी ३० लाख होते. अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबाची रोजची मिळकत, मुलांच्या तोंडचे दूध आणि अडीअडचणीला उपयोगी पडणारी ठेव, या तिन्ही गोष्टी एका म्हशीत सामावलेल्या असतात. आणि याहूनही महत्त्वाची बाब अशी की, जनावरांची सोय झालेली नसेल तर माणसेही घर सोडीत नाहीत.

२०१९ च्या महापुराचा धडा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगेला आलेला महापूर अनेकांच्या स्मरणात असेल. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट असताना कृष्णेने ५७ फूट ओलांडले. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला.

त्या दिवसांत बचाव पथकाबरोबर शिरोळ तालुक्यातील एका गावी जाण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास आला. एका घराच्या सोप्यात कमरेइतके पाणी होते. सत्तरीचे एक गृहस्थ गोठ्याच्या दारात उभे होते आणि होडीत बसण्यास नकार देत होते. पथकातील जवानाने, "आजोबा, चला, पाणी वाढतंय," अशी विनवणी केली, तेव्हा ते म्हणाले, "म्हस गाभन हाय, बाबा. तिला दाव्याला ठेवून मी होडीत कसा बसू?" होडीच्या दोन फेऱ्या त्यांच्याविना झाल्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी स्वतःच्या हाताने विळ्याने दावे कापले, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून काही क्षण उभे राहिले आणि मग होडीत बसले. पाणी ओसरल्यावर ती म्हैस गावाबाहेरच्या माळावर जिवंत सापडली. शेजारच्या गोठ्यातील दोन गाई मात्र गव्हाणीशीच मृत आढळल्या. त्यांच्या गळ्यातील दावी तशीच होती. ते कुटुंब आदल्या दिवशी घाईने निघाले होते आणि सायंकाळपर्यंत परत येऊ अशा समजुतीत होते.

या एका प्रसंगात दोन धडे आहेत. जनावरासाठी माणूस मागे राहतो आणि त्याच्याबरोबर बचाव पथकाचाही जीव धोक्यात येतो, हा पहिला. आणि जे जनावर हलविता येत नाही ते निदान मोकळे केले पाहिजे, हा दुसरा. हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळाच्या वेळी पाळीव प्राण्यांना निवाऱ्यात प्रवेश नसल्यामुळे अनेकांनी घर सोडण्यास नकार दिला. त्यानंतर २००६ मध्ये त्या देशाने कायदा करून आपत्कालीन स्थलांतराच्या योजनांत पाळीव व साहाय्यक प्राण्यांचा विचार करणे आवश्यक ठरविले.

स्थलांतराचे गणित

जनावरांच्या स्थलांतरात सर्वांत मोठी चूक होते ती वेळेच्या अंदाजात. माणूस अर्ध्या तासात घराबाहेर पडू शकतो, गावातील सर्व जनावरे पडू शकत नाहीत. उदाहरणादाखल ६०० मोठी जनावरे असलेले एक गाव घेऊ. प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनुसार एका मालमोटारीत सहाहून अधिक मोठी जनावरे नेता येत नाहीत. म्हणजे १०० फेऱ्या झाल्या. पाच मालमोटारी मिळाल्या आणि चढविणे, नेणे, उतरविणे व परत येणे यांस प्रत्येकी एक तास लागला असे धरले, तरी २० तास लागतात. पूर चढत असताना एवढा अवधी मिळेलच याची शाश्वती नसते.

हीच ६०० जनावरे रस्ता कोरडा असताना पायी हाकत नेली, तर चार किलोमीटरवरील उंच जागी दीड-दोन तासांत पोहोचतात. मालमोटारी मग गाभण, आजारी व लहान जनावरांपुरत्या राखून ठेवता येतात. तात्पर्य, सुरक्षित स्थलांतराचे मुख्य साधन वाहन नसून वेळेवर घेतलेला निर्णय हे होय.

हा निर्णय केव्हा घ्यावयाचा? येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बहुतेक गावांत घरात पाणी येण्यापूर्वी रस्त्यावर पाणी येते. ओढ्यावरील फरशी बुडते आणि गाव बेट बनते. म्हणून नदीची पातळी किती फूट झाली असता आपला रस्ता बंद होतो, हा आकडा प्रत्येक ग्रामपंचायतीने मागील पुरांच्या अनुभवावरून काढावा व कार्यालयाच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा. जनावरे त्या पातळीच्या पुरेशी आधी निघाली पाहिजेत. इशारा पातळीला जनावरे हलवावीत आणि धोका पातळीपूर्वी माणसे, हा साधा नियम नदीकाठच्या गावांनी मनाशी धरण्यासारखा आहे. करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली व आंबेवाडी येथील ग्रामस्थ पाणी चढू लागताच जनावरांसह सोनतळीच्या बाजूस जातात. वारंवार आलेल्या पुरांनी त्यांना हे शिकविले आहे.

जागा, पाणी आणि वैरण

जनावरे कोठे न्यावयाची हे आधी ठरलेले असावे. प्रत्येक मोठ्या जनावरास फिरण्या-बसण्यासह सुमारे ७ चौरस मीटर जागा धरली, तर ६०० जनावरांना ४,२०० चौरस मीटर, म्हणजे एक एकराहून किंचित अधिक जागा लागते. ही जागा उंचावर, निचरा होणारी, विजेच्या तारांपासून दूर आणि माणसांच्या निवाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असावी. माणसांचा निवारा एका टोकाला आणि जनावरांचा दुसऱ्या टोकाला असला, की लोक रात्री-अपरात्री पुराच्या पाण्यातून ये-जा करू लागतात.

मोठ्या जनावरास दिवसाला किमान ५० लिटर पिण्याचे पाणी धरल्यास ६०० जनावरांना ३०,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे तीन टँकर दररोज लागतील. सभोवार पाणी असले तरी ते पिण्यायोग्य नसते हे विसरू नये. सुकी वैरण दिवसाला ५ किलो धरली, तर एका दिवसास ३ टन आणि सात दिवसांस २१ टन होते. एवढा कडबा पुरात ऐन वेळी जमा होत नाही. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या गंजीतील आठवड्याचा वाटा पावसाळ्यापूर्वीच उंचावरील जागी, आच्छादनाखाली ठेवावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी पिशव्यांत मूरघास करून ठेवावा. हवाबंद पिशवीतील मूरघास पावसाने बिघडत नाही आणि हलविण्यासही सोपा असतो.

गोठ्यातील तयारी

पुढील तयारीस फारसा खर्च येत नाही. तीस लागतो तो एक दिवस आणि थोडी शिस्त.

१. लसीकरण : घटसर्प व फऱ्या या रोगांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्यात. शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस द्यावी. लाळ-खुरकुताची लस वेळापत्रकाप्रमाणे झाली आहे की नाही ते पाहावे. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर धावपळ करण्यात फारसा अर्थ नसतो.

२. ओळख : प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असावा. तो क्रमांक, जनावराचा रंग, शिंगांची ठेवण, वय व गाभण असल्यास महिना यांची नोंद वहीत करावी आणि जनावरासोबत मालकाचे छायाचित्र काढून ठेवावे. पुरानंतर जनावर ओळखण्यास, तसेच मदतीचा दावा सिद्ध करण्यास याचा उपयोग होतो.

३. दावे : पावसाळ्यात साखळी व कुलूप वापरू नये. दोरखंडाचे दावे असावे आणि गाठ एका ओढीत सुटणारी असावी. गोठ्याच्या खांबाला धारदार विळा कायम अडकविलेला असावा. तो कोठे आहे हे घरातील स्त्रिया व मुले यांनाही ठाऊक असावे.

४. सवय : जे जनावर कधी वाहनात चढलेले नाही ते आपत्तीच्या वेळी चढत नाही. उन्हाळ्यात एकदा तरी त्यास ठरलेल्या वाटेने ठरलेल्या जागी नेऊन आणावे.

५. पिशवी : दोन जादा दोर, म्होरकी, बादली, विजेरी, जखमेचे औषध, पोटॅशियम परमँगनेट आणि लसीकरणाची नोंद एका जलरोधक पिशवीत घालून ठेवावी.

एवढे करूनही जनावर हलविणे अशक्य झाले, तर दावे सोडावे, गोठ्याचे दार व कुंपणाचे फाटक उघडे करावे आणि मगच निघावे. गाय-म्हैस पोहू शकते, आणि मोकळे जनावर उंचवट्याकडे जाण्याचा प्रयत्न करते. काटेरी तारेत अडकलेल्या किंवा दाव्याला बांधलेल्या जनावरास ती संधी राहत नाही. वासरे व करडे यांना मात्र सोडून देऊ नये. ती होडीत किंवा माळ्यावर घ्यावीत.

कुत्रे, मांजर व कोंबड्या

शहरातील सोसायट्यांपासून खेड्यातील वस्तीपर्यंत आता अनेक घरांत कुत्री-मांजरे असतात. त्यांच्यासाठीही तयारी हवी. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा व त्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक असावा. रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. निवाऱ्यात प्रवेश देताना ते विचारले जाणे स्वाभाविक आहे. किमान तीन दिवसांचे व शक्यतो आठवड्याचे खाद्य, पाण्याचे भांडे, साखळी आणि तोंडाला बांधावयाची जाळी बरोबर असावी. एरवी शांत असलेले कुत्रेही गर्दीत व गोंगाटात चावू शकते. असा प्रसंग आलाच, तर जखम लगेच वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता आरोग्य केंद्रात जावे.

मांजर भ्याले की दडून बसते, आणि घर सोडण्याच्या वेळी नेमके सापडत नाही. म्हणून धोक्याची पहिली सूचना मिळताच त्यास एका खोलीत बंद करावे आणि झाकणाच्या टोपलीत किंवा जाळीच्या पेटीत घालून न्यावे. कोंबड्यांसाठी डालगी तयार ठेवावीत. ती खच्चून भरू नयेत, नाहीतर पक्षी गुदमरतात. कुत्र्यास घरात कोंडून किंवा गच्चीवर बांधून निघून जाणे हा उपाय नव्हे.

छावणीत व पुरानंतर

छावणीत आलेल्या उपाशी जनावरास दयाबुद्धीने उरलेला भात, पोळ्या किंवा पीठ भरपूर घातले जाते. हे अन्न त्याच्या पोटात आंबते, आम्लता वाढते व जनावर दगावूही शकते. देणगीदारांनी शिजविलेले अन्न न देता कडबा, पेंड किंवा रोख मदत द्यावी. भिजलेली, बुरशी आलेली वैरण किंवा पेंड घालू नये. बुरशीचे विष दुधातूनही उतरते. दुभत्या जनावराची धार वेळेवर काढली गेली नाही तर कासदाह, ज्यास शेतकरी दगडी म्हणतात, तो होण्याचा संभव असतो. म्हणून विक्रीची सोय नसली तरी धार काढावीच.

पुरानंतर चिखलात उभे राहून खुरांना जखमा होतात. त्या धुऊन औषध लावावे. ताप, गळ्याला सूज आणि श्वासास त्रास ही घटसर्पाची लक्षणे दिसताच पशुवैद्यकास कळवावे. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा आणि १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक प्रत्येक घरी लिहिलेला असावा. उंदीर व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २००५ च्या जुलैतील अतिवृष्टीनंतर मुंबईने या रोगाचा कटू अनुभव घेतला. गोठा साफ करणाऱ्याने बूट व हातमोजे घालावेत आणि अंगावरील जखमा झाकून घ्याव्यात.

मृत जनावर नदीत किंवा ओढ्यात लोटणे हा सर्वांत मोठा अपराध समजावा. विहिरी व पाण्याच्या साठ्यापासून दूर खोल खड्डा घेऊन, चुना टाकून ते पुरावे. मात्र त्यापूर्वी पंचनामा होणे आवश्यक आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या कालावधीसाठीच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीसाठी ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलासाठी ३२,००० रुपये, वासरासाठी २०,००० रुपये व शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये अशी मदत ठरविण्यात आली होती. निकष वेळोवेळी बदलतात. परंतु पंचनामा, कानातील बिल्ल्याचा क्रमांक व छायाचित्र यांची गरज बदलत नाही. चांगल्या म्हशीची बाजारातील किंमत या मदतीपेक्षा पुष्कळ अधिक असते हे सर्वांना ठाऊक आहे. मदत हा जनावर वाचविण्याला पर्याय होऊ शकत नाही.

इतर आपत्ती

पूर पूर्वसूचना देतो, वीज देत नाही. विजेच्या वेळी झाडाखाली बांधलेली जनावरे बळी पडतात. वीज जमिनीतून पसरते, तेव्हा पुढच्या व मागच्या पायांत बरेच अंतर असल्याने चतुष्पादास धक्का अधिक बसतो. ढग गडगडू लागताच जनावरे एकाकी झाडापासून व तारांच्या कुंपणापासून दूर न्यावीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे भ्रमणध्वनीवरील उपयोजन वीज पडण्याची आगाऊ सूचना देते.

चक्रीवादळात धोका असतो तो छपराचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगड किनाऱ्यावर धडकले तेव्हा घरांचे व गोठ्यांचे पत्रे उडाले. गोठा कच्चा असेल तर जनावरे त्यात कोंडण्यापेक्षा झाडे व तारा नसलेल्या मोकळ्या जागी सोडणे बरे. आगीसाठी कडब्याची गंजी गोठ्याला लागून रचू नये, आणि गोठ्यातील विजेच्या तारांची तपासणी दरवर्षी करावी.

कोणी काय करावे

ग्रामपंचायत सदस्यांनी मे महिन्यातच हा विषय ग्रामसभेपुढे ठेवावा. वाडीनिहाय जनावरांची यादी, नेण्याची वाट, थांबण्याची जागा, टँकर व वैरणीची व्यवस्था आणि प्रत्येक वाडीस एक जबाबदार व्यक्ती, एवढे पाच मुद्दे ठरावात असावेत. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील व पशुधन विकास अधिकारी यांनी ती यादी एकत्र बसून तपासावी. विधवा, वृद्ध व कामानिमित्त बाहेरगावी असलेल्यांची जनावरे कोण हलविणार याची स्वतंत्र नोंद करावी, कारण मागे राहतात ती बहुधा हीच जनावरे.

शिक्षकांना या कामात मोठे स्थान आहे. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या वाडीतील जनावरांची गणना केली, वर दिलेल्या पद्धतीने पाणी, वैरण व वेळ यांचे गणित सोडविले आणि ते ग्रामसभेत वाचून दाखविले, तर अंकगणिताचा पाठ व नागरिकशास्त्राचा पाठ एकाच वेळी होईल. एका दाव्याची सुटणारी गाठ मुलांना वर्गात शिकविता येते, आणि मूल ती घरी जाऊन वडिलांनाही दाखविते.

शिरोळच्या त्या वृद्ध शेतकऱ्याने ऐन वेळी विळा हाती घेतला आणि त्याचे जनावर वाचले. पण त्यासाठी त्याला कमरेइतक्या पाण्यात उभे राहावे लागले, आणि पथकाच्या होडीला तीन फेऱ्या घालाव्या लागल्या. तेच जनावर दोन दिवस आधी कोरड्या रस्त्याने माळावर गेले असते, तर पहिल्याच फेरीत ते गृहस्थ होडीत बसले असते. कदाचित त्यांना होडीची गरजही पडली नसती. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या गावाने हे दोन दिवस हाती राखले आहेत काय, याचा विचार प्रत्येक ग्रामसभेने करावा.